अर्धा डबा

शुक्रवार, संध्याकाळ. फुलंब्री

या वेळी विज्ञानाचा पेपर घेतलाच नाही. मुलांना म्हटलं, आठवडाभर एक गोष्ट नीट बघा आणि वर्गात सांगा, एवढंच. कुणी मुंग्या सांगितल्या, कुणी चिमणीचं घरटं. मग दर पेपर कोरा ठेवणारी रुख्साना उठली.

"मी बाईंचा डबा बघितला. बाई एकट्याच जेवतात, लई हळू. अर्धा डबा तसाच घरी नेतात. बुधवारी शिपाईमावशी जवळ बसल्या, तर डबा संपला."

वर्ग हसला. मीही हसले. का हसले?

निरीक्षण, तुलना, निष्कर्ष, सगळं आलं की यात! मी तिला 'अ' दिला. मुख्याध्यापक म्हणाले, "लेखी काहीच नाही, मग पुरावा काय?"

आत्ता घासायला डबा उघडला. पुरावा तसाच होता. अर्धा.