बसबद्दल एक छोटी दुरुस्ती

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. संध्याकाळ.

आज नऊ वाजता आपल्यावरची मालिका सुरू. गावाचं नाव बदललंय, पण खाण आपली, संप आपला, मारामाऱ्या आपल्या. खून तेवढे त्यांचे. आपल्या ब्रॅक्सबीत संपाच्या वर्षी डोकी पुष्कळ फुटली, पण खून एकही झाला नाही. माणसं मुळात सभ्य.

संकल्प: दर मंगळवारी सकाळी अकराला खाणकामगारांच्या क्लबात मालिकेवर चर्चा. संप केलेले आणि संप मोडून कामावर गेलेले, दोघेही एका खोलीत. चाळीस वर्षांत हे कोणाला जमलं नाही, कारण कोणी नीट मनावर घेतलं नाही. अध्यक्ष मी, नेव्हिल बेक्सन. माझ्याइतका तटस्थ माणूस अख्ख्या डर्बीशायरमध्ये नसेल. चौऱ्याऐंशी साली मी संपावरही नव्हतो आणि कामावरही नव्हतो. पाठ धरली होती. डॉक्टरचा कागद होता.

डेनिसच्या दारातही चिठ्ठी टाकली. डेनिस म्हणजे थोरला भाऊ. मध्ये एक भिंत. संप संपला त्या आठवड्यापासून माझ्याशी बोलत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. तो आता चौऱ्याहत्तरचा झाला, म्हटलं त्याला बोलायची एक संधी द्यावी. बायको म्हणाली, शेजारच्या भावाला बोलवायला मालिका कशाला लागते, दार वाजव की. मॉरीनला राजकारण कळत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

चर्चा यशस्वी. उपस्थिती चौदा. नेहमीप्रमाणे संपवाले डार्टबोर्डकडे, कामवाले खिडकीकडे, मधली खुर्च्यांची रांग रिकामी. त्या रांगेत चाळीस वर्षांत कोणी बसलेलं नाही. मी बसलो. एकटाच होतो, पण बसलो.

पहिल्या भागात कोळसा धुण्याच्या तळ्यात एक प्रेत सापडतं. संपात कामावर गेलेला माणूस. मी प्रश्न ठेवला, खुनी कोण असावा. वॅगस्टाफ (कट्टर संपवाला, दोन्ही गुडघे नवे) म्हणाला, कोण का असेना, मेल्याने चाळीस वर्षं उशीर केला. यावर ओल्डरशॉने (कामवाला, पहिल्या बसमधून उघडपणे गेलेला) व्हिनेगरमधल्या अंड्यांची बरणी फेकली. नेम चुकला. वॅगस्टाफचा चुकला नाही. ओल्डरशॉची कवळी खिडकीपर्यंत गेली. मग दोन्हीकडचे उठले. क्लब सांभाळणारी बेव्ह विचारत होती, अंडी कोण पुसणार, तुमचा बाप का.

इतिवृत्तात लिहिलं: मतं मोकळेपणाने मांडली गेली.

डेनिस आला नाही. न येईना.

७ फेब्रुवारी.

नवे नियम. काचेच्या वस्तू चर्चेआधी उचलाव्यात. संपफोड्या हा शब्द वापरायचा असल्यास आधी हात वर करावा. कवळ्या घरी ठेवून याव्यात.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.

डेनिस आला. दाराला टेकून उभा होता, कोट न काढता, तोंड डार्टबोर्डकडे. पण आला.

काल दुसरा खून. फावड्याने. चर्चा पूर्णपणे तांत्रिक झाली, याचं समाधान आहे. वॅगस्टाफचं म्हणणं, एका घावात माणूस मरत नाही. ओल्डरशॉचं म्हणणं, बागेच्या फावड्याने नाही मरणार, आपल्या खाणीतल्या रुंद पात्याच्या फावड्याने मरेल. वॅगस्टाफने विचारलं, कोणत्या कोनातून. ओल्डरशॉने सांगितलं. चाळीस वर्षांत हे दोघं पहिल्यांदाच दहा मिनिटं सलग एकमेकांशी बोलले. मला भरून आलं. मग बेव्हचं बर्फ ओढायचं फावडं मिळालं. ओल्डरशॉ म्हणाला, हिंमत असेल तर दाखव. वॅगस्टाफने दाखवलं.

ओल्डरशॉचं गळ्याखालचं हाड मोडलं. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. अँब्युलन्सवाल्यांनी कारण विचारलं, तेव्हा ओल्डरशॉनेच सांगितलं, पडलो. पोलिसांना आणि डॉक्टरांना आपल्यात काही सांगत नाहीत.

माझं समारोपाचं भाषण चालू असताना डेनिस दोनदा खोकला. हा संकेत असू शकतो. मॉरीन म्हणाली, त्याच्या छातीत कोळसा आहे, संकेत कसला.

२० फेब्रुवारी, मंगळवार.

उजव्या हाताने कानाला फडकं धरलंय, डाव्याने लिहितोय.

कालच्या भागात घोडे होते. पोलीस घोड्यावरून येतात, काठ्या चालवतात, माणसं शेतातून पळतात. सकाळी क्लबात कोणी कोट काढेना. डेनिस पुन्हा दाराशी. संपात असेच घोडे आले त्या दिवसापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. वॅगस्टाफ सावकाश म्हणाला, हा तिथे पडला होता, घोडा वरून गेला, मी याला कोटाला धरून ओढला, कानातून रक्त येत होतं, मला वाटलं गेला. डेनिस खाली बघत होता. मीही.

मग ओल्डरशॉ झोळीतला हात सावरत म्हणाला, आणि माझ्या खिडकीतून वीट आली तेव्हा लिंडा पाळण्यात होती. चार महिन्यांची. तिच्या केसांतल्या काचा आम्ही चिमट्याने काढल्या. ज्याने वीट फेकली तो या खोलीत बसलाय.

मला वाटलं, झालं, आता हे रडणार, गळ्यात पडणार. मी क्षमेवर चार पानं लिहून नेली होती. दुसऱ्या पानावर होतो तेव्हा वॅगस्टाफ म्हणाला, मी फेकली होती. आत पोर आहे हे माहीत नव्हतं.

ओल्डरशॉने चांगल्या हाताने स्नूकरची काठी उचलली आणि वॅगस्टाफच्या नव्या गुडघ्यावर घातली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा काठी मोडली. मग मोडकं टोक घेऊन तो तोंडाकडे वळला. वीसेक म्हातारे एकमेकांवर तुटून पडले, कोणी चावत होतं, एकाने खुर्चीचा पाय उपटला. मी मध्ये शिरलो. खिडकीकडून स्टूल कानावर बसलं, डार्टबोर्डकडून गुडघा पोटात. दोन्ही बाजूंनी मार मिळाला, म्हणजे मी तटस्थ आहे हे सिद्ध झालं. अध्यक्षाला आणखी काय हवं.

डेनिसने एका हाताने सगळ्यांना उपटून बाजूला केलं. खाली पडलेल्या तिघांना उभं केलं. मी चौथा. मला ओलांडून गेला. पण पाय लागू दिला नाही. काळजी घेतली, असंच मी म्हणेन.

२१ फेब्रुवारी.

कानात सतत शिट्टी. मॉरीनने गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, बास कर आता. संकल्प: पुढच्या वेळी भावनांना हातच घालायचा नाही. फक्त मालिकेतल्या चुका दाखवायच्या. चुकांवरून कोणाचं डोकं फुटत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार. हॉस्पिटल. दुपारी चार.

डावा डोळा बंद. जबडा बांधलाय. बरगड्यांचं काय ते फोटो काढल्यावर कळेल.

सुरुवात छान झाली होती. काल चौथ्या भागात पहिली बस दाखवली. नोव्हेंबरची पहाट, फाटकाबाहेर शेकडो माणसं, आणि संप मोडून कामावर जाणारी बस. आपल्या पहिल्या बसमध्ये सात जण होते. सहा कोण ते गावाला त्याच आठवड्यात कळलं. सातवा तोंडावर लोकरी टोपी ओढून बसायचा. तो कोण, यावर लग्नं मोडली, दोन कुटुंबं गाव सोडून गेली. मी म्हटलं, त्यात शिरायला नको, आपण चुका बघू.

उभं राहून एकेक चूक सांगितली. बस निळी दाखवलीय, ती मळकट पिवळी होती. खिडक्यांची जाळी बाहेरून दाखवलीय, ती आतून होती. आणि सीट इतक्या नव्या कुठून आणल्या, डावीकडच्या दुसऱ्या सीटची स्प्रिंग तर वर आली होती, मांडीला रोज टोचायची. फाटक जवळ आलं की ड्रायव्हर आतला दिवा घालवायचा. मग बाहेरून थुंकी पडून पडून काच अशी भरायची की आतून एकही चेहरा ओळखू यायचा नाही, नुसते आवाज यायचे.

माझं बोलणं एवढ्या लक्षपूर्वक जन्मात कोणी ऐकलं नव्हतं. वॅगस्टाफचं तोंड उघडंच राहिलं. ओल्डरशॉने डोळ्यांवर हात ठेवला. मला वाटलं, आठवणीने गहिवरला.

मग डेनिस दारापासून निघाला. मधल्या रांगेतल्या खुर्च्या लाथेने बाजूला करत आला. पहिला ठोसा डोळ्यावर, दुसरा जबड्यावर. पडल्यावर बूट. बरगडीवर, पुन्हा बरगडीवर. एक शब्द नाही. एकाच हाताचा माणूस, पण त्याला ओढून काढायला पाच जण लागले. तीन संपवाले, दोन कामवाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही बाजू एका कामाला लागल्या. याचं श्रेय मी एकट्याने घेत नाही.

कारण समजलं नाही. बहुधा बसच्या रंगावरून मतभेद.

२८ फेब्रुवारी.

तीन बरगड्या. जबड्याला तार. जमेची बाजू: एकोणचाळीस वर्षांत डेनिसने मला पहिल्यांदा हात लावला.

मॉरीन आली. कोट न काढताच तिने विचारलं, जाळी आतून होती हे तुला कसं माहीत. मी कागदावर लिहिलं, ऐकीव. ती म्हणाली, सोळा आठवडे पहाटे चारला उठून मी तुझा डबा भरलाय नेव्हिल, मला ऐकीव सांगू नकोस. तेवढ्यात नर्स आली, म्हणून विषय राहिला.

१ मार्च.

ओल्डरशॉ आला. झोळीत हात, ओठाला टाके. म्हणाला, आम्ही सातांनी ठरवलं होतं, बसमध्ये कोण आहे ते कोणी कोणाचं सांगायचं नाही. माझ्या दारावर घाण फेकली, पोरीच्या केसांत काचा गेल्या, तरी मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही की माझ्या शेजारी टोपी ओढून कोण बसतं. मरेपर्यंत सांगितलं नसतं. आणि तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, तेही कशासाठी, तर जाळी आतून होती म्हणून.

माझी द्राक्षं खाऊन गेला. मला चावता येत नाही हे खरं, पण विचारायला हवं होतं.

२ मार्च.

पोलीस आली, अगदी तरुण पोरगी. तक्रार करायची का, विचारलं. डेनिसने जबाब दिलाय, तो तिने वाचून दाखवला. मारलं, कबूल. जखमी इसमाशी नातं: शेजारी.

पुढे असं होतं. तो कामावर गेला म्हणून मारलं नाही, शेवटी निम्मं गाव गेलं. संपात आम्हाला शिध्याची पिशवी मिळायची. त्यातले निम्मे बटाटे मी दर शुक्रवारी याच्या दारात ठेवायचो, भाऊ आजारी आहे म्हणून. मार्चमध्ये एकदाच विचारलं, सातवा तू होतास का. नाही म्हणाला. हो म्हणाला असता, तर तेव्हाच दोन ठेवून दिल्या असत्या आणि रविवारी जेवायला बोलावलं असतं.

तिने विचारलं, हे बटाट्यांचं काय आहे. मी लिहून दिलं, तक्रार नाही, मी पडलो. मग तिने विचारलं, नात्याच्या जागी शेजारीच ठेवू का. मी हो अशी मान हलवली.

ते बटाटे आम्ही खायचो. खाणीतून आल्यावर, गरम, लोणी लावून. लाज वाटते. लिहून ठेवलं, बास.

३ मार्च. घरी.

बेव्हचा निरोप: चर्चा कायमची बंद, आणि मी क्लबात दिसलो तर ती स्वतः फावडं घेईल. वॅगस्टाफ रस्त्यात भेटला, थुंकला. खिडकीकडचे थुंकले नाहीत, पण रस्ता बदलला.

डेनिसला सविस्तर पत्र लिहिलं, सहा पानं. पहिली चार पाठीच्या दुखण्यावर. मॉरीनने वाचलं आणि चुलीत घातलं. म्हणाली, तीन शब्दांचं काम आहे.

४ मार्च, सोमवार. रात्री साडेदहा.

आज शेवटचा भाग. नऊला दहा कमी असताना उठलो. पायऱ्या तीन आमच्या, तीन त्याच्या. त्याचं दार इतक्या वर्षांत वाजवलंच नव्हतं, घंटी कुठे आहे हेही आठवेना. मुठीने वाजवलं.

त्याने उघडलं. घरातला स्वेटर, पायात चपला, हातात चहाचा मग. मी आधी पाठीचं सांगणार होतो. जबड्याला तार, एवढं लांबलचक बोलवेना. म्हणालो, मी होतो. सोळा आठवडे. बटाटेही खाल्ले.

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या जवळून त्याचं तोंड मी एकोणचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. फार म्हातारा झालाय. हात उचलेल म्हणून मी बरगड्या सांभाळल्या. उचलला नाही. आतून मालिकेचं संगीत सुरू झालं.

तो म्हणाला, माहीत आहे. आता जा, सुरू झाली.

आणि दार लावलं. हळू लावलं, आपटलं नाही. पण लावलं.

मी पायरीवर उभा राहिलो. दारातून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा गोळी सुटली, एक बाई किंचाळली, मग बराच वेळ काही नाही. डेनिस एकदा मोठ्याने म्हणाला, तरी मला वाटलंच होतं. पण ते टीव्हीला उद्देशून. तास झाला तेव्हा पायाला गोळे आले होते. घरी आलो.

उद्या चर्चा नाही, तेव्हा कोणाकडून कळायचंही नाही. मॉरीनला विचारलं, खुनी कोण निघाला. तिने विणकाम खाली ठेवलं नाही. म्हणाली, शेजारी जाऊन विचार.