माठाला हात लावू नको

अहो, सेलूच्या सभेहून आलात की थेट परभणीच्या सरकारी दवाखान्यात या. विशाखाला ऊन लागलंय, ती मलाबी वळखंना. शेजारच्या सुलाबाईला संगं घेऊन निघाले. भाकरी झाकून ठेवल्यात, खाऊन या.

अंगणवाडीच्या बाईंशी भांडायला जाऊ नका. नामांतरावरून गाव आधीच तापलंय, म्हणून मीच पोरीला बजावलं होतं, माठाला हात लावू नको, बाई वरून ओततील तवाच पी. आज बाई पोरांना तसंच सोडून मीटिंगला गेल्या. बाकीची पोरं आपापल्या हातानं पाणी घेऊन पीत होती. आपली लेक रिकामी वाटी धरून दुपारपर्यंत माठापाशी बसून राहिली.

माझा एक शब्द मोडला न्हाई वो तिनं.