दिवसा लावलेले दिवे

गुरुवार, ९ ऑक्टोबर १९८६

पोचले बाई एकदाची! पहिला टप्पा सुखरूप पार पडला. माझा नवरा डेन्झिल असता तर म्हणाला असता, ओव्हेला, एवढ्या वेळात मी दोनदा जाऊन आलो असतो. पण तो जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याचा पिकअप आता मी चालवते, तोही अडुसष्टाव्या वर्षी शिकून. चौपदरी रस्त्याला मी जात नाही, तिथले लांबडे ट्रक अंगावरच येतात. आपला जुना दोन पदरी रस्ताच बरा. ओढ्याच्या कडेकडेने वळणं घेत जावं. एक चर्च, लाकडाची वखार, की पुन्हा चर्च.

मोटेलच्या टॅकेटबाई मी ट्रकमधून उतरताना बघत होत्या. म्हणाल्या, मावशी, हा ट्रक तुम्ही चालवता की तोच तुम्हाला फिरवतो? म्हटलं, आमचं आलटूनपालटून असतं. हसत हसत त्यांनी उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव वाढला, वर कांद्याची जाड चकती.

जेवून व्हर्नाला फोन केला. माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर शब्दाने शब्द वाढला आणि चौदा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये तिचंच पत्र आलं: तूही एकटी, मीही एकटी, ये इकडे, उरलेले दिवस मिळून काढू. म्हणून वेस्ट व्हर्जिनियातलं घर कायमचं बंद करून नॉर्थ कॅरोलायनाला निघालेय. फोनवर म्हणाली, रविवारी दुपारी कोंबडी शिजवून ठेवते, उशीर केलास तर मीच खाऊन टाकीन, मग भांडं चाटत बस. तोच आवाज, तीच खोडी. फोन ठेवल्यावर थोडं रडून घेतलं. बरं वाटलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळी दाट धुकं होतं, म्हणून दिवे लावून निघाले. दहाच्या सुमारास धुकं विरलं, छान ऊन पडलं, पण दिवे मालवायचे राहूनच गेले. समोरून येणारी एक गाडी कडेला जाऊन थांबली. मग दुसरी. शेतातल्या एकाने ट्रॅक्टर बंद केला आणि टोपी काढून छातीशी धरली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या डोंगरात भरदिवसा दिवे लावून सावकाश जाणारी गाडी म्हणजे प्रेतयात्रा. ओळख असो नसो, समोरच्याने थांबायचं, मान खाली घालायची. आणि आत कोण आहे ते बघायचं नाही. दुसऱ्याच्या दुःखात डोकावू नये, हे आईने आम्हा दोघींना कान धरून शिकवलंय.

हसूच आलं. मालवायला हात गेला, पण खरं सांगते, मालवले नाहीत. डेन्झिल गेल्यापासून माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही. दुकानातसुद्धा लोक माझ्या डोक्यावरून पलीकडच्याशी बोलतात. आज अख्खा रस्ता माझ्यासाठी टोपी काढत होता. तासभर तशीच गेले, राणीसारखी. मग लाज वाटली आणि बटण बंद केलं.

संध्याकाळी आरशात पाहिलं तर मागे एक निळी गाडी. दिवे लावलेली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मी निघाले तशी निळी गाडी निघाली. दुपारपर्यंत मागे सात झाल्या. लख्ख उन्हात सगळ्यांचे दिवे लागलेले. माझे बंद आहेत, दोनदा उतरून पाहिलं. तरी समोरचे थांबतातच.

कडेला थांबून त्यांना हाताने पुढे जा म्हटलं. तेही थांबले. यात्रेत सगळ्यांत पुढच्या गाडीला कुणी ओलांडत नाही. सगळ्यांत पुढे मी आहे.

पेट्रोल पंपाच्या मालकाने माझ्याकडे न बघताच टाकी भरली. म्हटलं, अहो, ही मागची माणसं कोण, जरा विचारता का? तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, बाई, आमच्याकडून फुलं पाठवायची होती, कुणाच्या नावाने पाठवू? अहो, मी बहिणीकडे चाललेय, कोंबडी खायला! त्याने नुसती मान हलवली. म्हणाला, धीर धरा.

मग मीच निळ्या गाडीपाशी गेले. काच वाजवली. आतल्या चौघांनी माना खाली घातल्या. एक बाई रुमालात तोंड घालून रडत होती. मी तिला ओळखत नाही. कसं रडत होती — सख्खं कुणी गेल्यासारखं.

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

एकवीसनंतर मोजणं सोडलं. आडरस्त्याला वळले, तेही वळले.

चर्चमधली माणसं बाहेर येऊन रस्त्याकडेला उभी राहिली. सगळ्या माना खाली. हात हलवला, ओरडले. एकानेही वर पाहिलं नाही. कालपासून कुणाच्या डोळ्यांना माझे डोळे भिडलेले नाहीत. त्या गाड्यांपेक्षा याचीच भीती जास्त —

व्हर्ना बघेल. तिने पाहिलं की संपलं सगळं. चाळीस मैल राहिले.

दुपार

तिचं घर. ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्यात. दोन.

फाटकासमोर थांबले. मागची रांग थांबली. दाराची कडी हलत नाही. काच उतरत नाही. हॉर्न मुका.

व्हर्ना बाहेर आली. केस किती पांढरे झालेत गं. एप्रनला हात पुसत, हसत — मग रांग दिसली तिला. हसू गेलं. हात छातीवर. मान खाली.

हाका मारतेय. ऐकू जात नाही.

मागे दारं उघडली. सहा पुरुष, शवपेटी उचलायला येतात तसे. तीन या बाजूने, तीन त्या. टोप्या हातात. पावलं जुळवून, अगदी अदबीने —

हे पान काचेला लावते. मोठ्या अक्षरात —

व्हर्ना वर बघ

मी ओव्हेला

एकदाच वर बघ गं मी अजून