आईने पुण्यातून पुसलेलं पत्र

रविवार संध्याकाळ, यिशुन, सिंगापूर

नवा लॅपटॉप ऑनलाइन खात्याशिवाय सुरूच होईना, म्हणून गेल्या आठवड्यात आईच्या फोनवरचं घरचं जुनं खातं टाकलं. तात्पुरतं. चूक माझी. पण डेस्कटॉपवरचं सगळं क्लाउडवर चढवायची परवानगी मी कधी दिली?

आज पुण्याहून आईचा फोन. "अगं, तुझा राजीनामा माझ्या फोनमध्ये आलाय! नोकरी सोडलीस तर तिथे राहायचा पास टिकेल का?"

"नुसता मसुदा आहे, आई."

"मग बरंच झालं. मी काढून टाकला."

तिने तिकडे काढला आणि माझ्या टेबलावरच्या मशीनमधूनही तो गेला. आणि याला हे कंपनीवाले बॅकअप म्हणतात! माझ्या फाइलवर माझ्याखेरीज सगळ्यांचा हक्क. कचरापेटीतून परत आणता येतो, ठाऊक आहे. पण मग तो पुन्हा तिच्या फोनवर.

खातं तोडलं. न विचारता चढवणाऱ्याने तोडताना मात्र तीनदा विचारलं, "नक्की?" पत्र आठवून नव्याने लिहिलं. आधीच्यात दोनदा दिलगिरी होती, ती या वेळी घातली नाही. मसुदा वगैरे काही नव्हता. उद्या सकाळी देणार. आईला सांगेन मीच, दिल्यानंतर.