पाटीवर जागा पुरली नाही

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानं भरून हवापाणी, आणि घरात काय शिजतं त्याची एक ओळ नाही! तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलंय, तेव्हा लपवाछपवी पुरे. छापील फलक आले आणि हाताने पाट्या रंगवायचा तुझा धंदा बसला, यात तुझा काय गुन्हा? पण पोरींना वाढून झालं की ती भूक नाही म्हणून उठते, हे दिसत नाही का तुला? ऐकून इतकी संतापले की गॅसवरचं दूध उतू गेलं.

तुमच्या गल्लीच्या टोकाला मदत केंद्र आहे. आठवड्याचं धान्य, डाळ, तेल मिळतं. पिशवी घे आणि जा. मीही इथे अशाच केंद्रात काम करते; धान्य नेणाऱ्याच्या डोक्यावर शिंगं उगवलेली अजून पाहिली नाहीत.

लोभ आहेच, पिशवी भरली की आणखी वाढेल.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो गं, पण आत पोचलो नाही. दारावर पाटी आहे, ‘फक्त गरजूंसाठी’. ही एवढाली अक्षरं, तीही वाकडीतिकडी. समोरच्या साऱ्या दुकानांच्या पाट्या मी रंगवलेल्या, आणि त्या दुकानदारांदेखत त्या शब्दाखाली उभं राहायचं? पाय उचलेना.

परत फिरलो तेवढ्यात केंद्राच्या बाई बाहेर आल्या. माझ्या बोटांवरचा रंग पाहून म्हणाल्या, बरं झालं आलात, नवी पाटी करायची म्हणून रंगाऱ्याची केव्हाची वाट बघतोय. आणि मी दीडशहाणा हो म्हणालो! वर फुकट करून देईन अशी ऐटही मारली. मापं घेऊन घरी आलो. बायकोने रिकामी पिशवी झटकून खिळ्याला अडकवली.

राग मानू नकोस, मानलास तर लवकर सोड.
तुझा धाकटा

ता. १७ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले, मग कपाळाला हात लावला. स्वतःचे डबे रिकामे आणि हा दानशूर! बरं, कबूल केलंस तर आता रंगव. झकास रंगव. पानवाल्याच्या वीतभर फळीवर त्याचं नाव, बापाचं नाव आणि पत्ता बसवणारा माणूस तू, तुला काय कठीण आहे? पण रंग वाळला की पिशवी घेऊन जायचं. नाहीतर मी येईन आणि कान धरून रांगेत उभं करीन.

माया तेवढीच, धाक जास्त.
तुझी ताई

ता. २८ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

पाटी झाली. बाईंनी मजकूर दिला होता, ‘फक्त गरजूंसाठी धान्य मिळेल, आत या’. मी खालून सुरुवात केली. आधी ‘आत या’ काढलं, चांगलं ठसठशीत. मग ‘धान्य मिळेल’. वर बघतो तर ‘फक्त गरजूंसाठी’ला जागाच पुरली नाही! काय करणार, अंदाज चुकला. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि असू दे म्हणाल्या. तू हसू नकोस.

मग घरी येऊन हात धुतले, खिळ्यावरची पिशवी काढली आणि सगळ्या दुकानदारांसमोर रांगेत उभा राहिलो. पुढे कोण असावा? समोरचा शिंपी! एवढे दिवस तोही बाहेरूनच परत जात होता म्हणे. दोघंही ओशाळलो. मग तो पाटीकडे बघत अक्षर छान आलंय म्हणाला, आणि आम्ही आत गेलो.

बाईंनी इतर केंद्रांच्या पाट्याही मलाच सांगितल्यात, चोख मोबदला देऊन. तिथेही जागा कमीच पडणार, असं दिसतंय.

संध्याकाळी पोरींना वाढून झालं. मी बायकोच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. तिने स्वतःचं ताट घेतलं आणि म्हणाली, आज फार भूक लागलीय.

लोभ असू दे, ओरडणंही असू दे.
तुझा धाकटा