मिठागराला लावलेलं पांढरं कापड

भिवंडी,
२० जानेवारी २०२५

प्रिय सौ. मेघाली हिस,
शकिलाचा सलाम आणि स. न. वि. वि.

पत्र बघून आधी हसशील. शाळा सुटल्यापासून माझं अक्षर तू पाहिलेलं नाहीस. रोज फोनवर तासभर बडबडणारी बाई एकदम कागद-पेन घेऊन बसली म्हणजे हिला म्हातारचळ लागला, असंच म्हणशील. पण अम्मांची खाट आता बाहेरच्या खोलीत आणली आहे. माझ्या सासूबाईंचे पाय गेले तरी कान शाबूत आहेत. मी मोरीत कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. मेसेज करावा तर तुझा मोबाईल सदा तुझ्या लेकीच्या, भाविकाच्या हातात. नवरी मुलगी, तिला काय बोलणार! म्हणून हे पत्र तुझ्या दिराच्या, बाळारामच्या रिक्षातून पाठवते आहे. वाचलंस की फाडून टाक.

तुमच्या चिंध्यांच्या चित्रासाठी मी जे गाठोडं पाठवलं, त्यात अगदी वर एक पांढरं, न शिवलेलं कापड होतं. ते बाजूला काढ. त्याला कात्री लावू नको. मेघा, ते आमच्या लूमचं कोरं कापड नाही. ते अम्मांचं कफन आहे.

अम्मा आणि अब्बा हजला गेले होते तेव्हा दोघांसाठी दोन कापडं घेऊन, मक्केतल्या जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणली होती. अब्बा त्यांच्या कापडात गेले. अम्मांचं पेटीत होतं. रमजानच्या आधी घराला रंग द्यायला काढला, पेट्या रिकाम्या केल्या, आणि मीच माझ्या हातांनी ते लूमच्या उरलेल्या तुकड्यांवर ठेवलं. आमच्या घरात पांढऱ्या कापडाची पत्रास कोण ठेवतं? पलंगाखाली, माळ्यावर, फळीवर, बघावं तिकडे पांढरंच. तुझं गाठोडं बांधताना तेही त्यात गेलं.

डॉक्टरांनी आता अम्मांना घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. काल त्यांनी कापड मागितलं, उन्हात घालून अत्तर लावून ठेवायचं म्हणाल्या. मी रंग ओला असल्याचं सांगून वेळ मारून नेली. आमच्या ह्यांना सांगायची माझी हिंमत नाही. बाळारामच्या परतीच्या फेरीला कापड पाठव, मी दारातच उभी असेन.

आक्कांना सलाम, भाविकाला दुवा. इतकी वर्षं लोभ केलास, तो या गाढवपणानंतरही राहू दे.

तुझी,
शकिला

*

अंजूर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय शकिला हिस,
स. न. वि. वि.

बाळाराम काल दारात हॉर्न वाजवत राहिला आणि मी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यावरूनच तू काय ते ओळखलं असशील. कापडाला कात्री लागली. मीच लावली.

फोनवर सांगायची मजा राहिली होती, ती आता अशी सांगावी लागते आहे. चित्र भाविकाच्या हळदीला तिच्या पाटामागे लावायचं, हे तुला माहीत आहेच. प्रत्येक घरातून एक कापड आलं. आमच्या ह्यांचा गोडाऊनचा निळा युनिफॉर्म कापून रस्त्याकडेची गोडाऊनं केली, ट्रकच्या ताडपत्रीचा पूल केला, कुणाच्या शालूच्या काठाचे मासे केले. मग आक्कांनी हट्ट धरला की खाडीकाठचं मिठागर पाहिजेच. माझ्या सासूचं सगळं तरुणपण मीठ ओढण्यात गेलं. त्यांच्या मनासारखं पांढरं कापड एकच होतं, तुझं. त्याचे मिठाच्या वाफ्यांसारखे चौकोनी तुकडे केले, प्रत्येक बाईनं एकेक वाफा आपापल्या घरी नेऊन कडेनं टाके घातले आणि परवा सगळे चित्रावर जोडून टाकले. अख्खं कापड संपलं. काय सुरेख पोत म्हणून मी तुझं कौतुकही केलं गं, चारचौघींत.

आता मला दोन्हीकडून भीती. तुझ्या अम्मांचं नुकसान तर भरून न येणारं. आणि इकडे बायकांना कळलं की नवरीच्या डोक्यामागे कफन टांगलंय, तर काय होईल याची कल्पना कर. भाविकाच्या सासरपर्यंत बातमी जायला एक दुपार पुरेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कुणाला न सांगता एकेक वाफा उसवते, तुकडे धुऊन-जोडून तुला पाठवते. दोरा कच्चा निघाला म्हणून सांगेन. तोवर तू अम्मांना सांभाळ.

धीर सोडू नकोस. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
मेघाली

*

भिवंडी,
२७ जानेवारी २०२५

प्रिय मेघा,
सलाम, वि. वि.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी माझी गत आहे. हसू नको, ही म्हण मी तुझ्याच आईकडून शिकले.

तुझं पत्र वाचल्यावर मला वाटलं, तुकडे जोडून आणलेलं कापड अम्मांपुढे धरायचं तोंड मला नाही. म्हणून मी आमच्या लूमच्या ताक्यातून तेवढंच कापड फाडून घेतलं, दोनदा धुतलं, अत्तर लावलं आणि पेटीत ठेवून पेटी त्यांच्यापुढे उघडली. अम्मांनी ते मांडीवर घेतलं. बोटांनी चाचपलं, नाकाला लावलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या काही बोलल्याच नाहीत. घडी घालून मला परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या दिवसापासून माझ्याशी पाण्यापुरतं बोलतात. माझ्या नूरैनला मात्र जवळ बसवून घेतात आणि मी आले की दोघी गप्प होतात. पोरीला काय विचारत असतील, देव जाणे.

अम्मांनी मला पोटच्या मुलीसारखं वागवलं. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी एवढी एकच वस्तू जपली होती. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते, पण या गप्प बसण्याचं काय करू? तुझं उसवणं कुठवर आलं?

लोभ असूच दे, आत्ता त्याचीच गरज आहे.

तुझी,
शकिला

*

अंजूर,
३० जानेवारी २०२५

प्रिय शकिला,
स. न. वि. वि.

वाईट बातमी आधी. पहिलाच वाफा उसवत होते तर आक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. मी दोऱ्याचं कारण सांगितलं. त्यांनी दोरा हातात घेऊन ओढून पाहिला आणि मला विचारलं, की कुठं कच्चा हाय? मी काहीबाही बोलले. तेव्हापासून चित्राची गुंडाळी त्यांच्या खाटेखाली आहे आणि वर त्या स्वतः. बायकांनी मन लावून केलेलं काम सून मोडायला निघाली, एवढंच त्यांना दिसतंय. पाड्यात कुजबुज सुरू झाली आहे, की मेघालीला आमचे टाके ओबडधोबड वाटले.

आमंत्रणं वाटून झाली, मांडववाला येऊन माप घेऊन गेला. मला मात्र त्या गुंडाळीपलीकडे काही सुचत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शकिला, आपण अम्मांना खरं सांगूया का? की आधी आक्कांना? तूच सांग, माझं डोकं चालत नाही.

रागावू नकोस, लोभ कर.

तुझी,
मेघाली

*

भिवंडी,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघाली हिस,
हज्जनबीच्या अनेक दुवा. वि. वि.

माझा हात चालत नाही म्हणून नात नूरैन लिहिते आहे. मी बोलते तसंच लिही म्हणून तिला बजावलंय.

शकिलानं काल रडत रडत सगळं सांगितलं. मला आधीच समजलं होतं. माझ्या कापडाला लागलेला वास माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? मी बोलले नाही, कारण ती स्वतः येऊन सांगेल याची वाट बघत होते. तिला यायला इतके दिवस लागले याचा राग आला, कापडाचा आला नाही असंही नाही. आला, फार आला. एक पूर्ण दिवस मी अल्लाशी भांडले. त्या कापडात मला माझ्या नवऱ्यामागे जायचं होतं.

पण आता ऐक. कापड माझं होतं. चुकून गेलं ते गेलं, आता मी ते माझ्या तोंडानं देते. तुकडे जोडून परत आणू नका, ठिगळं मला नकोत. मला आमच्या लूमचं नवं कापड पुरे, त्यावर माझ्या मुलाची रोजी आहे.

फक्त एक गोष्ट मला चालणार नाही. बायकांना फसवून ते नवरीच्या मागे लावायचं नाही. तुमच्यात अशा कापडाची भीती असते, मला माहीत आहे. मी तुमच्या गावात मासळी घ्यायला यायची तेव्हापासून तुमच्या बायकांना ओळखते. सगळ्यांना बोलाव आणि खरं सांग. जिला नको असेल तिनं आपला तुकडा काढून घ्यावा, माझी कुणावर नाराजी नाही. तुझी सासू आक्का, तिला माझा सलाम सांग. मीठ ओढून तिच्या तळपायाला पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत.

भाविकाचा संसार सुखाचा होवो. म्हातारीची आठवण ठेव.

हज्जनबी
(लिहिणार नूरैन. मेघालीमावशी, दादीनं मला एकही शब्द बदलू दिला नाही.)

*

अंजूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शकिला,
स. न. वि. वि.

अम्मांचं पत्र मी सगळ्या बायकांपुढे वाचलं. आमच्याच ओटीवर बसवलं होतं सगळ्यांना. कापड हजला नेऊन जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवलेलं आहे, हेही सांगितलं.

सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? आमच्या आक्का. मला वाटलं, अम्मांचा सलाम ऐकून त्या तरी माझी बाजू घेतील. त्यांनी खाटेखालची गुंडाळी ओढली, सगळ्यांदेखत पसरली आणि कात्रीचं टोक घालून आपला वाफा उसवायला बसल्या. मला म्हणाल्या, की मरणाचा कापर हलदीचे मांडवान न्हाय चालाचा. त्यांचं पाहून आणखी बायका पुढे सरकल्या. निम्मं मिठागर माझ्या डोळ्यांदेखत रिकामं झालं. उरलेल्या बायका जागच्या हलल्या नाहीत. एकीनं तर आपल्या वाफ्यावर हात ठेवून सांगितलं, की हा माझा न्हाय निंगाचा.

मग माझा तोल गेला. एका मरणाला टेकलेल्या बाईनं स्वतःचं कापड दिलं आणि तुम्हाला त्याचा विटाळ होतो, असं मी सासूला तोंडावर बोलले. गेल्या चोवीस वर्षांत जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. त्यांनी उसवलेले तुकडे गोळा करून आपल्या जवळच्या धुतलेल्या रुमालात बांधले. मी म्हटलं, निदान धुऊन तरी देते, त्यांवर हातांचे डाग आहेत. तर तेही करू दिलं नाही. म्हणाल्या, त्यान तिथला पाणी हाय, ता न्हाय धुवाचा. पुरचुंडी बाळारामच्या हाती तुझ्याकडेच द्यायची म्हणून हटून बसल्या आहेत. मी त्याला थांबवून ठेवलंय. दान दिलेली वस्तू पुरचुंडी बांधून परत करायची, तीही अम्मांच्या अशा वेळी, याची मला लाज वाटते.

भाविका म्हणते, भोकं पडलेलं तर पडलेलं, चित्र लावणारच. आक्का आणि मी एका घरात राहून बोलत नाही. मांडवात उद्या पाहुणे येतील आणि घर असं आहे. अम्मांना यातलं काही सांगू नकोस.

चुकलं असेल ते पोटात घाल आणि होता तसाच लोभ ठेव.

तुझी,
मेघाली

ता. क. पत्र बंद करायच्या आत आक्कांनी स्वतः रिक्षापर्यंत जाऊन पुरचुंडी बाळारामच्या मांडीवर ठेवली. मी अडवू शकले नाही. मला माफ कर.

*

भिवंडी,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेघा,
सलाम, वि. वि.

अम्मा काल सकाळी गेल्या. फोन केला नाही, कारण तुझ्या दारात पाहुणे असतील आणि भाविकाच्या हळदीच्या तोंडावर तुझं रडणं तिला ऐकू जायला नको होतं. तू येऊ नकोस. हळद ठरल्या दिवशी लाव, हे माझं नाही, त्यांचं सांगणं आहे.

गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, जमातीतल्या बायका आल्या. आमच्या लूमचं कापड पसरून ठेवलं होतं, ह्यांनी स्वतःच्या हातानं ताक्यातून काढलेलं. तेवढ्यात बाळाराम दारात येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी रिक्षा बिघडली म्हणे, म्हणून पत्र आणि पुरचुंडी दोन्ही उशिरा आणली. मी आधी पत्र वाचलं. मग गाठ सोडली.

मेघा, तुकड्यांना तोच वास होता. पेटीतला. न धुतल्यामुळे राहिलेला.

गुस्ल देणारी मोठी बाई कडक आहे. हे काय म्हणून तिनं विचारलं, कारण कडेला टाक्यांची भोकं दिसत होती. मी काही लपवलं नाही. जमजमचं पाणी, माझी चूक, तुमचं मिठागर, आक्कांची कात्री, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही तुकडे बाजूला सारणार. तिनं एक तुकडा उचलून डोळ्यांना लावला आणि विचारलं, की हे ज्या बाईनं धुऊ दिलं नाही ती कोण? मी आक्कांचं नाव सांगितलं. मग तिनं सगळे तुकडे एकावर एक ठेवून अम्मांच्या छातीवर मांडले आणि वरून कापड गुंडाळलं.

तू आक्कांना जे बोललीस ते मला आवडलं नाही. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते, तरी नाही आवडलं. अम्मांनी सगळं देऊन टाकलं होतं आणि आपण दोघींनी ते मुकाट्यानं घेतलं होतं. आक्कांनी त्यातलं त्यांचं त्यांना परत पाठवलं. त्यांनी कात्री घातली नसती, तर माझ्या अम्मा त्या पाण्याच्या एका धाग्याशिवाय गेल्या असत्या.

हे पत्र मिळालं की आधी आक्कांकडे जा. चहा घेऊन जा, नुसती जाऊ नकोस. त्यांना हे सगळं वाचून दाखव आणि मग हळद दळायला बस.

भाविकाला दुवा. आक्कांना माझा सलाम, या वेळी दोन्ही हातांनी. तुमचा सगळ्यांचा लोभ माझ्या घरावर असू द्या.

तुझी,
शकिला