खांदा बाईंचा

प्रिय केशव,

आम्ही रीगात सुखरूप आहोत. फोनवर ओवी शेजारी असते, म्हणून हे पत्र. कालच्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग स्पर्धेत ती बर्फावर एकदा पडली, पण उठून नाच पूर्ण केला. लागलेलं नाही.

गुण येईपर्यंत खेळाडू प्रशिक्षकाशेजारी बसतो. आईला तिथे जागा नसते. ओवी तिच्या प्रशिक्षक बाईंच्या खांद्यावर रडत होती आणि मी कठड्याबाहेर शाल घेऊन उभी. शेंद्र्याच्या रस्त्यावर तिला चाकांचे स्केट बांधून पहाटे तिच्यामागे धावले मी!

रात्री विचारलंच, "माझ्याकडं का नाही आलीस?"

"आई, तू लगेच म्हणतेस, डोळे पूस."

अण्णांना गोळ्या वेळेवर देतोस ना?

बाईंसाठी आणलेली गुलमंडीची इमरती अजून माझ्याच बॅगेत आहे. उद्या देईन. बहुतेक.

तुझी,
मीनाक्षी